बायकोची शुगर, माझी वही

मधला बाक (३०वा आठवडा)

इथे फोरमवर धागा काढावा की नाही यातच चार दिवस गेले. सुया तिच्या बोटाला, बाळ तिच्या पोटात, पथ्य तिचं, आणि रडगाणं गायला मी! पण रात्री अडीच वाजता स्वयंपाकघरातला दिवा लावून पाकिटांच्या पाठीवरची कर्बोदकं वाचत बसणाऱ्या नवऱ्याने कुणाकडे जायचं, हे मला खरंच सापडलेलं नाही.

तर पहिलंच बाळंतपण. सव्विसाव्या आठवड्यात ग्लुकोजची चाचणी झाली. उपाशीपोटी रक्त, मग ७५ ग्रॅम ग्लुकोज विरघळवलेलं पाणी, मग एका तासाने आणि दोन तासांनी पुन्हा रक्त. मर्यादा ९२, १८०, १५३. तिचे आकडे आले ९६, १७१, १४८. मी आपला शाळेतला हिशेब केला, तीनपैकी दोन विषयांत पास. डॉक्टर म्हणाल्या, एक जरी आकडा मर्यादेला टेकला तरी गरोदरपणातला मधुमेह धरतात. परतताना बायको काही बोलली नाही. घराचं कुलूप उघडता उघडता म्हणाली, "मी असं काय खाल्लं रे?"

आणि मी मूर्खासारखा आठवायला लागलो, तिने काय काय खाल्लं ते.

दुसऱ्या दिवशी मीटर आला. रोज चारदा तपासायचं. सकाळी उपाशीपोटी ९५च्या आत, तिन्ही खाण्यांनंतर एका तासाने १४०च्या आत. मी वही आणली, रकाने पाडले, चांगल्या आकड्याला हिरवं पेन, वाईटाला लाल. तिने पहिला घास घेतला की माझ्या फोनवर गजर लागायचा. ऑफिसात असलो तर बरोब्बर तासाने फोन, "किती आला?" कामाचा एकही तक्ता मी आयुष्यात इतका नीट ठेवलेला नाही. मला वाटत होतं मी मदत करतोय.

परवा मीटरची बॅटरी बदलताना सहज जुने आकडे चाळले. मंगळवारी नाश्त्यानंतर मीटरमध्ये १५१. वहीत १३१, तिच्या अक्षरात. मागे गेलो तर आणखी पाच ठिकाणी तेच. १४९चे १२९, १५६चे १३६. फक्त मधला आकडा बदललेला.

तिला मी अजून काही बोललेलो नाही. गुरुवारी डॉक्टरांकडे जायचंय आणि त्या वहीच बघतात. काय करू?

सरळरेषा

वहीऐवजी मीटर न्या. विषय संपला. औषध लागेल की नाही ते याच आकड्यांवर ठरतं, इथे संकोच कसला?

निळी शाई

सरळरेषा, विषय इथे संपत नाही, सुरू होतो.

मधला बाक, मी पण खोटे आकडे लिहिलेत. पहिल्या खेपेला, तीन आठवडे. डॉक्टरांना घाबरून नाही हो, नवऱ्याला. तो कधी एक शब्द वाईट बोलला नाही. आकडा ऐकला की नुसत्या भुवया वर जायच्या आणि मग "हं, असू दे." त्या "असू दे"ने माझ्या पोटात खड्डा पडायचा. एकदा तर मी भूक असून अर्ध्या ताटावरून उठले, कारण तासाभराने त्याचा फोन येणार होता.

तुम्ही लाल पेन आणलंत, म्हणून तिने मधला आकडा बदलला. वाईट वाटून घेऊ नका, पण इतकं सोपं आहे ते.

मीटर गुपचूप डॉक्टरांपुढे ठेवलात तर आकडे खरे होतील, आणि त्यानंतर ती तुम्हाला काहीच सांगणार नाही. कळा सुरू झाल्या तरी आधी बहिणीला फोन करेल.

मधला बाक

हे वाचून अर्धा तास काही सुचलं नाही. आज तिच्याशी बोलायचा विचार होता, जरा थांबतो.

रात्रपाळी

प्रसूती विभागात परिचारिका आहे, बरीच वर्षं. गुरुवारच्या आत डॉक्टरांना खरे आकडे कळले पाहिजेत, याबद्दल दुमत नाही. पण ते तिच्या तोंडून.

त्याआधी "मी असं काय खाल्लं" याचं उत्तर तिला द्या, ते तुमच्याकडून राहून गेलंय. वार (प्लॅसेंटा) नुसती बाळाला पोसत नाही, स्वतःची संप्रेरकंही तयार करते. प्लॅसेंटल लॅक्टोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि त्यांची भावंडं. त्यांच्यामुळे आईचं शरीर इन्शुलिनला पूर्वीसारखी दाद देत नाही. यात निसर्गाचा हेतू चांगलाच आहे, आईच्या रक्तात साखर थोडी जास्त वेळ राहिली की बाळाला पोचते. हे प्रत्येक गरोदर बाईत होतं. बहुतेकींचं स्वादुपिंड जास्त इन्शुलिन सोडून वेळ निभावून नेतं, काहींचं थोडं कमी पडतं. वार वाढते तसा हा विरोध वाढत जातो, म्हणून तर चाचणी २४ ते २८ आठवड्यांत करतात. तिने खाल्लेल्या कुठल्या एका पदार्थाने हे झालेलं नाही.

बाळाचं म्हणाल तर साखर वारेतून पलीकडे जाते, आईचं इन्शुलिन जात नाही. मग बाळाचं स्वादुपिंडच जास्तीचं इन्शुलिन करायला लागतं आणि आलेली साखर चरबी होऊन बसते, पोटाभोवती, खांद्यांभोवती. म्हणून बाळंतपणात खांदा अडकायची भीती. डेन्मार्कच्या यॉर्गन पेडरसन यांनी १९५०च्या दशकात मांडलेली ही गोष्ट आजही आम्ही तशीच शिकवतो.

आणि सकाळचा उपाशीपोटीचा आकडा! तो रात्रीच्या जेवणापेक्षा यकृताच्या मर्जीवर जास्त असतो, ते रात्रभर साखर सोडत असतं. त्या आकड्यावरून बाईला बोलणाऱ्या नवऱ्यांना मी वॉर्डातून बाहेर काढलंय.

ओली छत्री

थोडं अवांतर. मी राहते त्या देशात दोन टप्प्यांत तपासतात. आधी ५० ग्रॅमची छोटी चाचणी, ती वर आली तरच १०० ग्रॅमची तीन तासांची. त्यात चारपैकी दोन आकडे ओलांडले तर निदान. म्हणजे या वहिनी इथे असत्या तर कदाचित त्यांना कुणी काही म्हटलंच नसतं?

रात्रपाळी

बरोबर, कदाचित नसतंच म्हटलं. २००८ साली नऊ देशांतल्या सुमारे पंचवीस हजार गरोदर स्त्रियांचा एक मोठा अभ्यास आला. त्यात दिसलं की साखर वाढते तसा धोका हळूहळू चढत जातो, मध्ये कुठे कडा नाही. चढणीवर रेघ माणसांनी मारलीय, कुणी थोडी खाली, कुणी थोडी वर. ९१ची बाई शहाणी आणि ९६ची बेजबाबदार असं काही नसतं.

रोखठोक

सगळे इतके का घाबरलेत कळत नाही. भात, ब्रेड, फळं, सगळं बंद करा. साखर आपोआप खाली येते की नाही बघा. मी स्वतः असंच वजन उतरवलंय.

निळी शाई

तुमच्या पोटात बाळ होतं का तेव्हा?

रात्रपाळी

रोखठोक, असं कृपया कुणाला सांगू नका. गरोदरपणात दिवसाला किमान १७५ ग्रॅम कर्बोदकं लागतात असं अमेरिकन डायबेटिस असोसिएशन सांगते. ती तोडली की शरीर चरबी जाळतं आणि त्यातून तयार होणारी कीटोन नावाची रसायनं रक्तात वाढतात, ते बाळाला नकोत. कर्बोदकं वाटून घ्यायची असतात. तीन मोठ्या जेवणांऐवजी तीन मध्यम आणि मध्ये दोन-तीन लहान खाणी. नाश्त्याला सगळ्यात कमी, कारण सकाळच्या संप्रेरकांमुळे त्या वेळी विरोध सगळ्यात जास्त असतो. तोच भात सकाळी १५०ला नेतो आणि रात्री १२५वर ठेवतो. मधला बाक, तुमच्या वहीतले खोटे आकडे नाश्त्यानंतरचेच आहेत ना?

मधला बाक

सहापैकी पाच. तुम्हाला कसं कळलं?

रात्रपाळी

तीच जागा असते.

सरळरेषा

माझा पहिला प्रतिसाद जरा तुटक झाला. निळी शाई यांचं पटलं.

मीटरबद्दल एक सांगतो, माझं क्षेत्र मोजमापाचं आहे. घरच्या मीटरसाठी जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यात १००च्या वर १५ टक्के इकडेतिकडे चालतं. म्हणजे खरी साखर १३० असेल तर मीटर ११५ही दाखवेल आणि १४५ही, आणि दोन्ही वेळा मीटर चांगलाच म्हणायचा. तेव्हा १३८ हिरवा आणि १४२ लाल हा प्रकार गणिताच्या दृष्टीनेही हास्यास्पद आहे. आठवड्याचा कल बघायचा, एकेक आकडा नाही. शिवाय हात धुवून, कोरडे करून मगच टोचायचं. आमच्याकडे एकदा १९४ आला होता आणि घरात रडारड. फळ चिरून तशीच बसली होती. हात धुवून पुन्हा बघितलं तर ११२.

बोटाच्या मधोमध नाही, कडेला टोचा. कमी दुखतं.

काठावरचा

मी जरा वेगळ्या गल्लीतला. बायकोला लहानपणापासून टाइप १ मधुमेह, म्हणजे शरीर स्वतः इन्शुलिन जवळजवळ करतच नाही. इन्शुलिन आमच्या लग्नाआधीपासून तिच्या सोबतीला, त्यामुळे आमच्याकडे तयारी गर्भधारणेच्या आधीच सुरू झाली. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्तचाचणी) साडेसहाच्या खाली आणा, डोळ्यांचा पडदा तपासा, फोलिक ॲसिड नेहमीपेक्षा जास्त मात्रेत. कारण बाळाचे अवयव पहिल्या काही आठवड्यांतच घडतात आणि त्या काळात साखर चढलेली नको. तुमच्या बायकोचा मधुमेह त्यानंतर आलाय, ही भीती तुम्हाला नाही, एवढं तरी समाधान माना.

आमची भीती उलट्या बाजूची. पहिल्या तिमाहीत साखर धडाधड खाली जायची. एका रात्री तीनला जाग आली ती तिच्या घामाने. अंथरूण ओलं, हाक मारली तर भलतंच काहीतरी बोलत होती. मीटरवर ४२. गिळता येत होतं म्हणून ज्यूस दिला, पंधरा ग्रॅम साखर जाईल एवढा, आणि पंधरा मिनिटं घड्याळाकडे बघत बसलो. पुन्हा ५८. पुन्हा ज्यूस. ८१ला ती मला म्हणाली, "तू का जागा आहेस?" तिला काहीच आठवत नव्हतं. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडलो. साखर चढवणारं ग्लुकागॉनचं इंजेक्शन कसं द्यायचं ते दुसऱ्याच दिवशी शिकून घेतलं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही ओतायचं नसतं, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवलं.

मग दंडावर साखर सतत मोजणारा सेन्सर आला. गरोदरपणात त्याचं उद्दिष्ट ६३ ते १४०, आणि दिवसाचा सत्तर टक्के वेळ त्यात. आकडे माझ्याही फोनवर दिसतात. झालं, तुमची वही होती तसा माझा फोन झाला. मी मीटिंगमधून मेसेज करायचो, "१७८? काय खाल्लंस?" तिने एक दिवस मला सेन्सरवरून काढूनच टाकलं. तीन दिवस. नंतर करार झाला. ६५च्या खाली गेली आणि दहा मिनिटांत तिने काही केलं नाही तरच मी फोन करायचा. वरच्या बाजूला माझी नजर नाही. खालची राखण माझी, वरचं ती आणि तिची डॉक्टर.

हा करार मी दोनदा मोडलाय. तरी टिकून आहे.

मधला बाक (३१वा आठवडा)

काय झालं ते सांगतो.

बुधवारी रात्री मी रात्रपाळींचा वारेबद्दलचा प्रतिसाद तिला वाचून दाखवला. धागा माझा आहे हे सांगून. ती ऐकत होती, "काहींचं थोडं कमी पडतं"पाशी तिने उशी तोंडावर घेतली. मग मी वही तिच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, आजपासून ही तुझी, मी उघडणार नाही. लाल पेन मी कचऱ्यात टाकलंय. मीटरचं काही बोललो नाही.

दहा मिनिटांनी तीच म्हणाली, "त्यात काही आकडे चुकलेत." मी म्हटलं, "बरं." ती म्हणाली, "तुला माहितीय ना?" मी हो म्हटलं. खोटं बोलणं त्या वेळी फार सोपं होतं, पण म्हटलं घरात एकाच वहीत पुरे.

ती हसली, मग रडली, मग भूक लागली म्हणाली.

गुरुवारी तिने स्वतःच डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी भुवई हलवली नाही. म्हणाल्या, अशा वह्या माझ्याकडे रोज येतात, मी मीटरही बघतेच. (मग मला आधी का नाही सांगितलंत!) नाश्ता बदलून दिला. ब्रेड अर्धा, सोबत अंडं, फळ नाश्त्यावेळी नाही तर अकराला. उपाशीपोटीचे आकडे मात्र आठवडाभर ९७, ९९, ९६ असे आहेत. एवढ्याने खाली येत नसेल तर रात्री झोपताना इन्शुलिन सुरू करू म्हणाल्या.

तेव्हापासून माझ्या आत "आपण हरलो" असं काहीतरी सुरू आहे. तिला नाही, मलाच.

रात्रपाळी

तुम्ही कुठल्या सामन्यात होतात? पथ्य पाळूनही बऱ्याच जणींना औषध लागतं. वारेने जोर केला की खाण्याने पुरत नाही. आणि इन्शुलिन बाळापर्यंत जात नाही, हे वर लिहिलंच आहे. गोळ्यांपैकी मेटफॉर्मिन जातं, म्हणून काही डॉक्टर पहिल्यांदा इन्शुलिनच पसंत करतात.

१९२१ साली टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्शुलिन शोधलं, त्याआधी मधुमेही बाईला दिवस जाणं म्हणजे आई आणि बाळ दोघांवरही घाला असायचा. आता आपण त्याला हरणं म्हणतो!

निळी शाई

चालायला जाता का दोघं? मला सगळ्यात जास्त फरक त्याने पडला. जेवण झालं की दहा-पंधरा मिनिटं. दुसऱ्या खेपेला नवऱ्याने "किती आला" विचारणं बंद केलं आणि हात धुतला की फक्त म्हणायचा, "चपला घाल." पाऊस असला तर घरातल्या घरात, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. स्नायू हलले की साखर ओढून घेतात, त्यासाठी इन्शुलिनची मिनतवारी तेवढी लागत नाही.

आणि एक विचारू? तुम्ही स्वतः काय जेवता?

मधला बाक

तिच्या समोर तिचंच. ऑफिसात... जाऊ दे.

पेनाचं टोपण

मी नुसता वाचणारा, आज लिहितोय. आमची मुलगी आता शाळेत जाते. त्या वेळी मला कुणी एकदाही विचारलं नाही, तुझं कसं चाललंय. आणि विचारलं असतं तर "माझं काय, तिला बघा" असंच म्हणालो असतो. झोप गेली, चिडचिड वाढली, सिग्नलला गाडी उभी असताना छाती भरून यायची. बाळ झाल्यावर सहा महिने तसंच. पुढे डॉक्टरने नैराश्य म्हणून नाव दिलं. बायकोच्या गरोदरपणापासून बाळाच्या पहिल्या वर्षापर्यंत दहातला साधारण एक बाप यातून जातो, असं २०१०च्या एका संशोधन-आढाव्यात आलं होतं. मला आधी कळतं तर निदान सिग्नलला घाबरलो नसतो.

त्या सोनोग्राफीतल्या वजनाचा पण धसका घेऊ नका. आम्हाला ३.९ किलो सांगितलं होतं, मी रात्रभर खांदा अडकण्याचे व्हिडिओ बघत बसलो. मुलगी आली ३.४ची. तो अंदाज दहा-पंधरा टक्के सहज चुकतो.

मधला बाक (३३वा आठवडा)

इन्शुलिन सुरू झालं. सहा युनिट, रात्री दहाला.

पहिल्या रात्री इन्शुलिनचं पेन हातात घेऊन दोघं पलंगावर बसलो. तिला बोट टोचायची सवय झालीय, पण मांडीत काही टोचायचं म्हटल्यावर हात थांबला. मी नवीन सुई घेतली, पेनाला न लावता, आणि माझ्या मांडीत टोचली. चार मिलिमीटर. डास यापेक्षा जास्त चावतो. तिने विचारलं, "दुखलं?" मी म्हटलं, "नाही." "मग चेहरा असा का?" चेहऱ्याचं माहीत नाही. तिने स्वतःच टोचून घेतलं.

न उघडलेली पेनं फ्रिजमध्ये, दारात नाही, बर्फाच्या कप्प्याला चिकटूनही नाही. वापरातलं पेन बाहेर, उन्हापासून लांब, आणि साधारण अठ्ठावीस दिवसांनी नवं (आमच्या पेनाच्या कागदावर तसं आहे, आपापला कागद बघा). तारीख मी पेनाला चिकटवली. एवढी कारकुनी मला परत मिळालीय, तिच्या परवानगीने.

दर दोन-तीन दिवसांनी दोन युनिट वाढवतोय.

रात्रपाळी

वाढत जाईल, घाबरू नका. साधारण छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत गरज चढतीच असते. उलट शेवटच्या आठवड्यांत गरज अचानक फार कमी झाली, साखर आपोआप खाली यायला लागली, तर खूश होऊन बसू नका, कळवा. वारेचं काम मंदावलंय का ते बघावं लागतं. आणि बाळाची हालचाल कमी वाटली तर सकाळची वाट न बघता निघायचं, रात्रीचे तीन वाजलेले असले तरी. आम्ही जागेच असतो.

जन्मानंतरची तयारीही सांगून ठेवते, कारण त्या वेळी बापाचा फार गोंधळ उडतो. नाळ कापली की आईकडून येणारी साखर बंद, पण बाळाचं स्वादुपिंड सवयीने इन्शुलिन सोडतच राहतं. म्हणून बाळाची साखर घसरू शकते. पहिल्या तासात छातीशी धरून पाजायचं, टाचेतून थेंबभर रक्त घेऊन दर काही तासांनी तपासायचं. टाच टोचली की बाळ किंचाळेल. तुम्ही चक्कर येऊन पडू नका, मला दोघांकडे बघायला वेळ नसतो.

सरळरेषा

निळी शाई यांनी "तुम्ही काय जेवता" विचारलं तिथे परत येतो, कारण ऑफिसचं "जाऊ दे" मी वाचलंय. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ साली क्यूबेकमधल्या आईबापांच्या नोंदी तपासल्या. जिच्या गरोदरपणात मधुमेह निघाला तिच्या नवऱ्याला पुढे मधुमेह होण्याची शक्यता इतर बापांपेक्षा सुमारे ३३ टक्के जास्त दिसली. रक्ताचं नातं नाही, पण स्वयंपाकघर एकच, सोफा एकच.

स्वतःची साखर शेवटची कधी बघितली होती?

मधला बाक

कधीच नाही. बाळ होऊ दे, मग बघतो.

काठावरचा

सगळे हेच म्हणतात. मीही म्हणालो होतो.

मधला बाक (बाळ ६ दिवसांचं)

मुलगा. ३.२ किलो. एकोणचाळिसाव्या आठवड्यात कळा आणवल्या, वीस तास लागले, खांदा वगैरे काही अडकलं नाही. इन्शुलिन शेवटी अठरा युनिटवर गेलं होतं.

रात्रपाळी, तुम्ही सांगितलं नसतंत तर मी तिथेच बसकण मारली असती. पाजून झालं, टाच टोचली, ३६. माझ्या कानात काहीतरी वाजायला लागलं. नर्सने बाळाच्या गालाच्या आत साखरेची जेल चोळली, पुन्हा छातीशी धरायला सांगितलं. अर्धा-पाऊण तास. मी त्या खोलीतल्या घड्याळाचा कारखानदार कोण ते पाठ केलं. मग ५१. पुढचे ५५, ६०. बायको ग्लानीत होती, तिने डोळे न उघडता विचारलं, "किती आला?"

मला त्या क्षणी कळलं हा प्रश्न ऐकणाऱ्याला कसा लागतो. म्हटलं, "पितोय, झोप तू."

तिचं इन्शुलिन बाळंतपणानंतर लगेच बंद झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी ८४. वार गेली आणि पाहुणाही गेला.

ओली छत्री

अभिनंदन! डोळे भरून आले.

निळी शाई

अभिनंदन दोघांचं. सहा ते बारा आठवड्यांत तिची ७५ ग्रॅमची चाचणी पुन्हा करायचीय, विसरू नका. बहुतेक जणी विसरतात कारण तेव्हा झोपेपुढे काही दिसत नाही. नंतरही एक ते तीन वर्षांनी तपासत राहायचं, टाइप २ची, म्हणजे कायमच्या मधुमेहाची शक्यता तिला इतर बायकांपेक्षा कितीतरी पट जास्त आहे. तारीख तुम्ही लक्षात ठेवा. तारखा ठेवायला हरकत नाही, आकडे तिचे.

मधला बाक (बाळ ११ आठवड्यांचं)

काल झाली चाचणी. तिला ग्लुकोजचं पाणी प्यायचं होतं म्हणून मी बाळ घेऊन बाहेर फेऱ्या मारत होतो. ती आत जाताना म्हणाली, "तू पण उपाशीच आलायस ना?" घाईत निघालो होतो, खाल्लं नव्हतं खरंच. तिने खिडकीवर माझं नाव देऊन टाकलं.

तिचे ८८ आणि दोन तासांनी १२१. दोन्ही छान.

माझा उपाशीपोटी १०८.

रिपोर्ट तिच्या हातात होता. मी वाट बघत होतो, आता ऑफिसातल्या जेवणाचं निघणार. तिने कागदाची घडी घातली, बाळ माझ्याकडून घेतलं आणि म्हणाली, "चपला घाल." घातलेल्याच होत्या. आम्ही गाडीपर्यंत लांबच्या रस्त्याने गेलो.

रात्रपाळी

१०० ते १२५ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. तुमची झोप सध्या कशी असेल ते माहीत आहे, त्यानेही चढते. एका आकड्यावर जाऊ नका, एचबीए१सी करून घ्या आणि डॉक्टरांना दाखवा.

मधला बाक

सोमवारी करतोय. तिने तारीख फ्रिजवर लावलीय, हिरव्या पेनने.